‘कोच फक्त स्कोअर बघतो’? त्या फॉरवर्डला उत्तर

ज्युनिअर गोल्फ खेळणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये एक फॉरवर्ड फिरतो. सांगणं असं: अमेरिकेतला कॉलेज कोच फक्त स्कोअर बघतो, लांब ड्राइव्हचा व्हिडिओ सगळ्या कोचना एकदम पाठवा, पत्रव्यवहार वडिलांनी बघावा, उत्तर नाही आलं तर विषय संपला, आणि स्कॉलरशिप खेळावर मिळते, तेव्हा मार्कांची चिंता नको.

‘फक्त स्कोअर’. स्कोअर चांगला नसेल तर पुढचं बोलायलाच नको, हे खरं. पण कोणत्या कोर्सवरचा स्कोअर? रेटिंग (निष्णात खेळाडूला तिथे लागणारे अपेक्षित स्ट्रोक) ६८.५ आणि स्लोप (साध्या खेळाडूला कोर्स किती जड जातो त्याचा आकडा) ११८ असलेल्या कोर्सवर ७२ मारले, तर हँडिकॅपच्या सूत्राने डिफरेन्शियल, म्हणजे कोर्सची अवघडता धरून काढलेला आकडा (कमी तितका चांगला), येतं सुमारे ३.४. रेटिंग ७४.२ आणि स्लोप १३८ असेल तर ७४ मारूनही ते शून्याच्या किंचित खाली जातं. म्हणजे ७४ वाला राउंड साडेतीन स्ट्रोकने सरस. क्लबवर मित्रांसोबत मारलेले ६८ कोच मोजतच नाही; त्याला स्पर्धेतला, ऑनलाइन तपासता येणारा निकाल हवा. म्हणून प्रत्येक स्कोअरसमोर कोर्स, यार्डेज (यार्डातलं अंतर), रेटिंग, स्लोप आणि निकालाची लिंक द्या.

शिवाय कॉलेजच्या सांघिक गोल्फमध्ये सहसा ५ जण खेळतात आणि रोज त्यातल्या चौघांचे स्कोअर धरतात. ७२-८१-७३ आणि ७५-७५-७६, दोन्हींची बेरीज २२६. तो ८१ वगळता येईल, पण मग त्या दिवशी उरलेल्या चौघांपैकी एकालाही घसरायची मुभा नाही. म्हणून कोच विचारतो, ८१ झाले कसे? एका होलवर ९ लागले की शेवटचे सहा होल हातातून गेले? पहिलं समजण्यासारखं आहे, दुसरं काळजीचं. वाईट राउंड यादीतून गाळू नका. निकाल त्याला सापडतातच, आणि लपवाछपवीही दिसते.

प्रत्यक्ष बघायला आलेला कोच चांगल्या शॉटला फारसा हलत नाही. डबल बोगीनंतरच्या (होलवर ठरलेल्यापेक्षा दोन स्ट्रोक जास्त गेल्यानंतरच्या) टीवर काय होतं, तिकडे त्याचं लक्ष असतं. आपल्याकडच्या मुलांची एक अडचण इथे उघडी पडते. क्लबवर यार्डेज कॅडी सांगतो, पुटची लाइनही तोच दाखवतो. कॉलेज गोल्फमध्ये कॅडी नसतो. बॅग खांद्यावर नाहीतर पुशकार्टवर, आणि हिशोब स्वतःचा. निदान वर्षभर आधी कॅडीशिवाय खेळायची सवय लावा. आणि दोरीपलीकडून हातवारे करणारे पालकही कोचला दिसतात, बरं का.

‘व्हिडिओ’. दोन-तीन मिनिटं पुरे. ड्रायव्हर, एखादं मधलं आयर्न आणि वेज, प्रत्येक समोरून व मागून. मग चिप, बंकर, थोडे पुट. फोन ट्रायपॉडवर, हातांच्या उंचीला. मागून घेताना कॅमेरा बाजूला सरकला, की सरळ स्विंगही आतून किंवा बाहेरून आल्यासारखा दिसतो. संगीत नको. नुसता स्लो मोशनही नको, चेंडू कुठे गेला तेही दिसू द्या.

‘वडिलांनी लिहावं, सगळ्यांना एकदम’. साठ जणांना एकच मेल गेलाय हे पहिल्या ओळीत कळतं. मेल मुलाने किंवा मुलीने स्वतः लिहावा: विषयात नाव, बारावीचं वर्ष आणि शहर, आत दीडशेक शब्दांत हेच कॉलेज का, निकाल, मार्क, पुढच्या स्पर्धांच्या तारखा. वडिलांना खर्चाबद्दल बोलायचं असतं, त्याची वेळ नंतर येते.

‘उत्तर नाही म्हणजे नकार’. डिव्हिजन १ च्या (अमेरिकी कॉलेज खेळातल्या सर्वात वरच्या गटाच्या) कोचला दहावीच्या वर्षानंतरच्या १५ जूनपर्यंत खेळाडूशी भरतीबद्दल बोलायची नियमानेच बंदी आहे. नववीत पाठवलेल्या मेलवर तो गप्प राहणारच. फार तर प्रश्नावली किंवा शिबिराची माहिती येईल. प्रश्नावली जरूर भरा. १५ जूननंतर नवे निकाल घेऊन पुन्हा लिहा.

‘मार्कांचं काय’. फॉरवर्डमधलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. डिव्हिजन ३ मध्ये खेळाची स्कॉलरशिप नाहीच, आयव्ही लीगमध्येही (हार्वर्ड, येलसारखी आठ विद्यापीठं) नाही. तिथे मदत मिळते ती घरच्या परिस्थितीवर, काही ठिकाणी मार्कांवर. डिव्हिजन १ मध्ये २०२५-२६ पासून खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलची नवी न्यायालयीन तडजोड स्वीकारलेल्या कॉलेजांच्या गोल्फ संघात जास्तीत जास्त ९ खेळाडू, म्हणजे जागाही मोजक्याच.

पात्रतेसाठी डिव्हिजन १ ला नववी ते बारावीत १६ कोअर विषय (मुख्य विषयाचं एक वर्ष म्हणजे एक) आणि किमान २.३ जीपीए (४ पैकी सरासरी ग्रेड) लागतो. त्यात इंग्रजीची ४ वर्षं आणि गणिताची ३. नववी-दहावीत गणिताची दोनच वर्षं होतात, त्यामुळे अकरावीला गणित सोडण्याआधी हे पाहून घ्या. नववीच्या गुणपत्रिकेची प्रत शाळेकडून आत्ताच घेऊन ठेवा. तीन वर्षांनी शाळा बदललेली असली की ती मिळवताना हेलपाटे पडतात.