आडनाव परवडतं कुणाला?

बीडच्या पोलीस अधीक्षकांनी 2025 मध्ये कर्मचाऱ्यांच्या टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावं काढायला लावली. सरपंचाच्या हत्येनंतर जिल्ह्यातली जातीय तेढ विकोपाला गेली होती. माहेरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो विषय अजून धुमसतोय. "हा मुळावरच घाव आहे. अमेरिकेतले लोक बघा, पैसे खर्चून घराणं शोधतात," असं काका लिहितात आणि साक्षीला मला ओढतात.

काका, मी ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीत राहते. इथली कितीतरी जुनी घराणी जर्मन. शेजारच्या मिलरबाईंचं मूळ शोधायला मी त्यांच्यासोबत हिवाळाभर लायब्ररीत बसले. एलिस आयलंडवरच्या, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावरच्या, कारकुनाने म्युलरचं मिलर केलं, ही त्यांच्या घरात चालत आलेली गोष्ट. ती लगेच बाद झाली. पणजोबा आले तेव्हा एलिस आयलंड सुरूच झालं नव्हतं. ते 1892 चं. शिवाय तिथले कारकून जहाजावरून आलेल्या याद्यांवरून काम करत. जर्मनीतल्या ब्रेमेन बंदरातून निघालेल्यांच्या जुन्या याद्या बहुतेक नष्ट झाल्यात, 1890 च्या जनगणनेचे कागद 1921 च्या आगीत गेले. शेवटी ओल्डनबुर्गकडच्या एका चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत पणजोबा सापडले. नोंद कुरेंट या जुन्या जर्मन लिपीत, आजच्या बहुतेक जर्मनांनाही न वाचता येणारी. शिंदे समिती कुणबी नोंदी शोधत होती तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना कसा भाव आला होता, ते तिथे आठवलं.

मग नाव बदललं कधी? ते दफनभूमीत कळलं. पणजोबांच्या दगडावर 'यू'च्या डोक्यावर दोन ठिपके कोरलेत. शेजारी मुलाचा दगड, त्यावर सरळ मिलर. मधे पहिलं महायुद्ध. 1918 मध्ये इथल्या ब्रेमेन स्ट्रीटची रिपब्लिक स्ट्रीट झाली. त्याच वर्षी इलिनॉयमधल्या कॉलिन्सव्हिलला रॉबर्ट प्रेगर या जर्मन माणसाला जमावाने फासावर लटकवलं. 1919 मध्ये ओहायोने प्राथमिक वर्गांत जर्मन शिकवायला बंदी घातली. अशी बंदी घटनाबाह्य असल्याचं सुप्रीम कोर्टाने 1923 मध्ये ठरवलं.

आज मिलरबाई म्युलर असल्याचं अभिमानाने सांगतात, कारण आता त्यापायी त्यांचं काही बिघडत नाही. आपल्याकडे भाड्याची खोली बघायला गेलेल्या पोराला आधी आडनाव विचारतात. आपल्या घरातल्या कुणाचं त्या प्रश्नावर कधी अडलं नाही, म्हणून आपल्याला आडनावात नुसती मुळं दिसतात.

आणि मुळांचंच म्हणाल, तर आपल्या कुलवृत्तांतात माझ्यापुढे नवऱ्याचं नाव आहे, गाव आहे, आणि तिथे शाखा संपते. माझ्या मुली त्यात नाहीत. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचा निर्णय झाला, तेव्हाही कुरकुरलात तुम्हीच.

इथे माझ्या आडनावावरून कुणाला काही कळत नाही. क्रोगरच्या फार्मसीत मी ते अक्षर-अक्षर करून सांगते. सुरुवातीला त्यात सुटल्यासारखं वाटायचं. आता मंडळाच्या गणपतीत कुणी "म्हणजे रत्नागिरीकडचे का?" विचारलं, की मला भरून येतं, गाव, खाडी, ग्रामदैवत, सगळं सांगत सुटते. यंदा पंगतीत तोच प्रश्न शेजारच्या नव्या मुलाला विचारला गेला. त्याने फक्त जिल्हा सांगितला आणि विषय बदलला. त्याचं वागणं मला पूर्ण पटलं. माझ्या आडनावाची मला असलेली ओढ मात्र त्यामुळे तसूभरही कमी झाली नाही.