टॅपेटची टिकटिक : तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मारुती ८००चे टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारी रॉकरची दांडी यांच्यातली फट) फीलर गेजनं, म्हणजे ठरावीक जाडीच्या पात्यांनी मोजून स्वतः सेट करण्यावर मी लेख लिहिला होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'जुन्या ८००ला टिकटिक असायचीच. घट्ट ऑइल टाकलं की विषय संपला. लोकांच्या हातात फीलर गेज देऊन तुम्ही चांगली इंजिनं बिघडवायला निघालात,' असं तुम्ही लिहिलंत. शेवटी हेही लिहिलंत, की तुमच्या सीएनजीवरच्या ८००चा आवाज गेल्या सहा महिन्यांत काही न करता आपोआप गेला. त्या शेवटच्या वाक्यामुळे एवढं लांब उत्तर लिहितोय. पण आधी तुमचं बरोबर आहे ते.

फीलर गेजबद्दलचा राग रास्त आहे. टॅपेट थंड इंजिनावर सेट करायचे, हे मी लेखात ठळकपणे लिहायला हवं होतं. गाडी रात्रभर उभी हवी आणि सकाळी स्टार्टही केलेली नको. गरम इंजिनासाठी फटीचा आकडा वेगळा असतो. पुस्तकातला थंडचा आकडा गरम इंजिनाला लावला की सगळंच चुकतं. ज्या सिलिंडरचं काम करतोय त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनला अगदी वर आलेला, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले. पाती फटीतून किंचित अडकत सरकली पाहिजे. लॉकनट कसताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून कसून झाल्यावर परत मोजायचं. नवखा माणूस एक चूक हमखास करतो, आवाज जावा म्हणून फट जरा कमीच ठेवतो. मग व्हॉल्व्ह पुरता बसत नाही, जळता वायू तिथून निसटतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळते. हे सगळं आज मूळ लेखात घातलं आहे. तुम्ही लिहिलं नसतंत तर राहून गेलं असतं.

घट्ट ऑइलचं मात्र पटत नाही. हायड्रॉलिक लिफ्टर (ऑइलच्या दाबानं फट आपोआप भरून काढणारे भाग) असलेल्या इंजिनात ऑइल कमी किंवा खराब झालं की टिकटिक होते आणि ऑइल बदलल्यावर ती जाऊही शकते. आपल्या कार्ब्युरेटरवाल्या ८००त लिफ्टर नाहीत, रॉकरवर साधा स्क्रू आणि लॉकनट आहे. झिजून वाढलेली फट ऑइलनं भरून निघत नाही. २०डब्ल्यू-५० या घट्ट ऑइलनं आवाज थोडा मऊ होईल, आणि मुंबईच्या हवेत त्यानं स्टार्टिंगलाही फारसा त्रास होणार नाही, इतकं मान्य. पण आवाज कुठून येतोय हे कळायच्या आत तो दाबला, तर शोधायचं कशावरून?

माझ्याच १९९६च्या गाडीचं सांगतो. परळला आमच्या गल्लीत सकाळी स्टार्ट केली की टिकटिक दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आपटून परत यायची. सायन येईस्तोवर निम्मी. कुर्ल्याला सीएसटी रोडवर एका मेकॅनिकनं बोनेट न उघडताच 'टॅपेट' म्हणून सांगितलं आणि घट्ट ऑइल भरलं. काही फरक नाही. मग मी टॅपेट सेट केले. दोन ढिले निघाले, आवाज कमी झाला, पण सकाळची टिकटिक राहिली ती राहिलीच. शेवटी हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाशी धरलं आणि दुसरं एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या नळ्यांच्या) जोडावरून फिरवलं, फॅन आणि पट्ट्यापासून हात लांब ठेवून. तिसऱ्या सिलिंडरपाशी कानात फट्-फट् बसू लागलं. तिथं काजळीचा काळा ओघळ होता आणि एका स्टडवर नटच नव्हता. थंड असताना ती फट मोठी असायची, लोखंड तापून फुगलं की मिटायची.

हे दोन आवाज कानाला सारखे का वाटतात, तेही समजून घ्या. आयडलला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट त्याच्या निम्मे, म्हणजे ४०० घेतो. एक ढिला टॅपेट मिनिटाला ४०० वेळा वाजतो. एका सिलिंडरचा धूरही मिनिटाला ४०० वेळाच सुटतो. ठेका तोच, त्यामुळे नुसत्या ठेक्यावर कुणीही फसेल. मीही आधी फसलो. 'थंड असताना मोठा, तापल्यावर कमी' ही खूण समोर असून मी ती पाहिली नाही.

आणि हा केवळ आवाजाचा प्रश्न नव्हता. बोनेटखाली सुटलेल्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही, रंग नाही. जुन्या गाडीत हवा बोनेटखालून केबिनमध्ये येऊ शकते. जुलैच्या पावसात काचा बंद करून मी मुलीला शाळेत सोडत होतो. 'टिकटिक असायचीच' हे वाक्य मला म्हणूनच सहन होत नाही.

आता तुमच्या गाडीकडे येतो. टॅपेटची फट झिजून वाढते तेव्हा आवाज वाढतो. सीएनजीवर बऱ्याचदा उलटं होतं. गॅस कोरडा असतो, त्यामुळे पेट्रोलसाठी बनवलेल्या हेडमध्ये व्हॉल्व्हची सीट (व्हॉल्व्ह मिटताना जिथं टेकतो ती कडा) झिजते, व्हॉल्व्ह वर सरकतो आणि फट कमी होत जाते. टिकटिक बंद पडते, मालक खूश होतो, आणि काही दिवसांनी व्हॉल्व्ह मिटेनासा होतो. काही न करता गेलेला आवाज मला या कारणाचा वाटतो. गाडी समोर नसताना खात्रीनं सांगता येणार नाही, पण तपासणं सोपं आहे. इंजिन आयडलला ठेवून सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाचा तुकडा धरा. तो सारखा बाहेर ढकलला जायला हवा. मधूनमधून आत ओढला जात असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत असण्याची शक्यता मोठी. आयडल लंगडतंय का, सकाळी स्टार्ट व्हायला वेळ लागतो का, तेही बघा.

गणपतीला तुम्ही ही गाडी घेऊन गावी जाणार, असं लिहिलंत. सहा जण आणि सामान घेऊन कशेडी घाटाला लागायच्या आत एका सकाळी थंड इंजिनावर तिन्ही एक्झॉस्ट टॅपेटची फट मोजून घ्या. फीलर गेज नसेल तर माझं घेऊन जा. रविवारी सकाळी मी घरीच असतो, तुमची हरकत नसेल तर दोघं मिळून मोजू.