पाठीवरचा खिसा

गेली तीस वर्षे मी उताणा झोपत आलो आहे आणि तितकीच वर्षे घोरत आलो आहे. या दोन्ही गोष्टी एकाच खात्यातल्या आहेत, हे मात्र परवा कळले. उताणे झोपले की जीभ आणि मऊ टाळू आपल्याच वजनाने घशाकडे घसरतात आणि अरुंद झालेल्या त्या बोळातून हवा जाताना जी थरथर होते तिलाच घोरणे म्हणतात, असे डॉक्टरांनी समजावले. झोपेत श्वास मध्येच थांबतो का, हेही त्यांनी हिला खोदून विचारले. "थांबला असता तर मला जरा डोळा तरी लागला असता," असे उत्तर मिळाल्यावर त्यांनी कुशीवर झोपण्याची सवय लावायला सांगितले.

माझे बालपण सोलापूरच्या साखर पेठेत यंत्रमागाच्या खटखटाटात गेल्यामुळे आवाजाने झोप मोडते ही कल्पनाच आमच्या घराण्यात नवी आहे. पण ही पडली बार्शीकडच्या एका खेड्यातली.

पहिल्या रात्री पाठीमागे दोन सोलापुरी चादरींची वळकटी लावली. मे महिना, पारा 42 अंशांवर आणि पाठीला जाडजूड सुती चादर, म्हणजे भट्टीला टेकून निजण्यातलाच प्रकार. त्यात खालच्या हाताला मुंग्या आल्या, कान दुमडला आणि पहाटे जाग आली तेव्हा मी त्याच वळकटीवर कमान होऊन उताणा पडलो होतो.

मग बनियनला पाठीमागे खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवण्याचा जुना उपाय कानी आला. शिंप्याने बनियन उलटसुलट करून पाहिले आणि गंभीरपणे विचारले, "काय ओ मालक, पाकीटमारांची सोय करताय की काय?"

चेंडू मात्र कामाचा निघाला. उताणे होताच तो मणक्यात असा रुते की मी झोपेतच मुकाट्याने कूस बदलत असे. खांद्याची पोकळी भरेल एवढी उंच उशी आणि गुडघ्यांमध्ये दुसरी घेतल्यावर हात आणि कंबरही निवळली. आठवडाभर घरात शांतता नांदली.

रविवारी गल्लीतली पोरे दाराशी आली. "काका, मॅच आहे, पाठीतला बॉल देता का?" नाही म्हणवेना. त्या रात्री चेंडूच्या मापाचे काही सापडेना, तेव्हा स्वयंपाकघरातला एक कांदा खिशात सारला.

मी तर कुशीवर झोपलोच. त्या वासाने हीदेखील रात्रभर कुशीवरच झोपली, माझ्याकडे पाठ करून.