फुकटच्या ई-मेलची काळजी न घेण्याचे सोपे उपाय

ई-मेल फुकट मिळतोय, त्याची कसली काळजी घेताय? आजवर घेतली नाहीत, पुढेही घेऊ नका. तरी काही कसर राहिली असेल तर सांगतो.

आधार छापायचंय? झेरॉक्सवाल्याच्या पाटीवर त्याचा जीमेल असतोच, त्यावर पीडीएफ धाडा. खाली पीडीएफचा पासवर्डही लिहा. नाही लिहिला तरी चालेल म्हणा. नावाची पहिली चार कॅपिटल अक्षरं आणि जन्मसाल, हे त्यालाही पाठ आहे. फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं मास्क्ड आधार संशयी लोकांसाठी असतं.

पासवर्ड सगळीकडे एकच ठेवा. २०१३ साली याहूची तीनच्या तीन अब्ज खाती फुटली, आणि हा पुरता आकडा बाहेर यायला २०१७ उजाडलं. एवढ्यानं काय होतंय?

गूगलनं फुकट दिलेली १५ जीबी जागा लग्नाच्या व्हिडिओंनी भरा. मेल, ड्राइव्ह, फोटो एकाच पोत्यात असतात. पोतं भरलं की येणारा मेल दारातूनच परत.

रिकव्हरीला, म्हणजे अडकलेलं खातं परत उघडायला, मात्र कॉलेजातला मोबाइल नंबरच राहू द्या. सिम बंद पडलं की तो नंबर किमान ९० दिवस पडून राहतो, मग कंपनी दुसऱ्याला देते. म्हणजे तुमचा ओटीपी आता भलत्याच्याच खिशात वाजणार. जुना फोन एक्स्चेंजमध्ये गेलेला. नव्या फोनवर पासवर्ड अगदी बरोबर टाका, तरी उत्तर येतं, तुम्हीच आहात याची खात्री पटत नाही! फॉर्म भरा. पुन्हा भरा. नंतर प्रयत्न करा. कधी नंतर? कुणाला विचारायचं? खिडकी नाही, साहेब नाही. एसटी डेपोत निदान तक्रारवही तरी मागता येते. बँकेची स्टेटमेंटं, विमा, म्युच्युअल फंड, पोरांच्या फीच्या पावत्या सगळं आत, आणि तुम्ही बाहेर. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करून घ्यायचा, पुसून घ्यायचा हक्क आहे; हरवलेली किल्ली परत मागायचा नाही. आणि 'अटी मान्य' वर टिचकी कुणी मारली होती?

अहो, बिर्याणी कुठून मागवायची यावर अर्धा तास घालवता, इथे पंधरा मिनिटं नाहीत? गूगल खात्यात 'सिक्युरिटी' उघडा. नंबर बदला. 'युअर डिव्हाइसेस'मध्ये त्या झेरॉक्सच्या दुकानातला कॉम्प्युटर अजून लॉगिन असेल, त्याला आधी हाकला. 'टेकआउट' या गूगलच्याच सोयीतून सगळे मेल उतरवून घ्या. पासवर्डनंतर आणखी एक खूण मागणारं टू-स्टेप चालू करा आणि फोन हाताशी नसताना आत घेणारे आठ आकडी बॅकअप कोड कागदावर घेऊन रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. स्क्रीनशॉट नको, फोनच हरवला तर काय चाटायचाय तो? प्रिंटर नसेल तर हातानं लिहा. दहाच आहेत.