नुसतं कुलूप बघून बंदुकीच्या पेटीचं वय ठरत नाही

हल्ली एक मजकूर सगळीकडे फिरतोय, की जुन्या इंग्रजी बंदुकीच्या पेटीचं (म्हणजे बंदूक ठेवायच्या पेटीचं) कुलूप आणि स्क्रू बघा, पाच मिनिटांत वय कळतं, मग पेटीवरचं पितळ घासून चकाचक करा, किंमत वाढते. वयाबद्दलचं सगळं अर्धवट आहे आणि पॉलिशचा सल्ला तर पेटीचं वाटोळं करणारा.

म्हणे ब्रामा या इंग्रज कुलूपवाल्याचं कुलूप म्हणजे पेटी १७८४ ची. अहो, ते पेटंटचं साल, ब्रामाची कुलपं पुढे अख्खं एकोणिसावं शतक बनत होती. आणि कुलपावर व्ही आर, म्हणजे व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरं, लिहिलंय म्हणून पेटी राणीच्या घरची होत नाही, व्हिक्टोरियाच्या काळात साध्या कुलपांवरही ती अक्षरं असायची, म्हणजे १८३७ ते १९०१ मधलं कुठलंही साल.

स्क्रूचं जरा नीट बघू, कारण लोक इथेच फसतात. टोकदार स्क्रूचं स्लोनचं अमेरिकन पेटंट १८४६ चं, ते तंत्र नेटलफोल्ड या इंग्रज स्क्रूवाल्याने इंग्लंडात आणलं आणि १८५४ च्या सुमारास बर्मिंगहॅमजवळ स्मेदिकला कारखाना काढला. म्हणून मशीनचा टोकदार स्क्रू मूळचाच असेल तर पेटी बहुतेक त्यानंतरची, पण बोथट असला म्हणून आधीचीच असं नाही, जुना माल पुढेही वापरला जायचा. आता मूळचा आहे का हे कसं कळणार? एक स्क्रू काढा, भोकात बारीक काडी घालून खोली बघा. भोक खोल आणि स्क्रू आखूड निघाला, किंवा बिजागरीच्या पट्टीखाली बुजवलेलं जुनं भोक दिसलं, तर कुणीतरी मधे हात घातलाय, मग त्या पितळावरून वय सांगूच नका.

पेटीतल्या बंदूकवाल्याच्या लेबलवरचा पत्ता मात्र कामाचा. लंडनच्या पर्डी या बंदूकवाल्यांचा ऑक्सफर्ड स्ट्रीटचा पत्ता १८२६ पासूनचा, त्यांचा पुढचा पत्ता ऑडली हाउस १८८० च्या दशकातला. पण लेबलही मागून चिकटवता येतं, ते कुलूप-स्क्रूशी जुळलं तरच धरा.

आणि कृपा करून अमोनियावालं पॉलिश लावू नका. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं भारतात पावसाळ्यात तबेल्याजवळ ठेवली की तडकायची, कारण घोड्यांच्या मुतातला अमोनिया, आणि घडवताना आत ताण राहिलेलं पितळ त्याला बळी पडतं. शिवाय घासून घासून हँडलवर कोरलेली मालकाची अक्षरं पुसट होतात, तोच तर पुरावा! चामड्याला टेकलेल्या पितळावर हिरवा मेणचट थर येतो तो बांबूच्या काडीने हळूहळू खरवडा, मऊ फडक्याने पुसा, वर मेणाचा पातळ हात द्या. आणि काढलेले स्क्रू एका पुठ्ठ्यावर पेटीचं चित्र काढून आपापल्या जागी टोचून ठेवा, म्हणजे ज्या भोकातला त्याच भोकात परत जाईल.