सरासरी तिप्पट वेगवान

संगणक-प्रणालींवरील संशोधनाच्या वार्षिक परिषदेला जो कोणी नेमाने हजेरी लावतो, त्याच्या मनात कधी ना कधी एक गुणाकार येतोच. परिषदेत साधारण पन्नास शोधनिबंध सादर होतात असे धरू आणि प्रत्येकाने संगणकाचे काम निदान दुप्पट वेगाने करून दाखवले असे मानू. (हा अंदाज फारच नेमस्त आहे, नुसत्या दुपटीसाठी आजकाल कोणी मंचावर चढतही नाही.) पन्नास वेळा दुप्पट म्हणजे एकावर पंधरा शून्यांहूनही थोडे अधिक. एका परिषदेत एवढे साधत असेल, तर पुढच्या परिषदेपर्यंत संगणकाने प्रश्न विचारण्याआधीच उत्तर द्यायला हवे. प्रत्यक्षात सभागृहाच्या मागच्या रांगेत बसून ज्या लॅपटॉपवर मी हा हिशेब करतो, तो कॅलक्युलेटर उघडायलाच इतका वेळ घेतो की तेवढ्यात मंचावरचा वक्ता बदललेला असतो.

ही पीडा पूर्वी वर्षाआड यायची. या क्षेत्रातली मानाची परिषद, एसओएसपी (ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, हा तिचा विषय), 1967 साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात गॅटलिनबर्ग या गावी सुरू झाली आणि पुढे अनेक दशके दोन वर्षांतून एकदाच भरत राहिली. 1994 साली तिच्या जोडीला ओएसडीआय ही त्याच विषयावरची दुसरी परिषद आली. मग 2021 पासून ओएसडीआय आणि 2024 पासून एसओएसपी दरवर्षी भरू लागली, आणि दोन परिषदांच्या मध्ये संशोधकाला स्वतःच्या घरच्या माणसांची नावे आठवायला जी सवड मिळत असे, तीही गेली. 1973 साली एसओएसपीच्याच मंचावरून केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही आपली ऑपरेटिंग सिस्टीम जगापुढे मांडली. त्यांच्या निबंधात साधेपणा, सुबकपणा आणि वापरण्यातली सोय हे त्या प्रणालीचे सर्वांत महत्त्वाचे गुण म्हणून सांगितलेले आहेत. आज कोणी असे काही लिहून पाठवले, तर परीक्षक अत्यंत सभ्य भाषेत एवढेच विचारतील की हे सर्व ठीक आहे, पण आलेख कुठे आहेत?

आलेखांशिवाय इथे पान हलत नाही. व्याख्यानाचा साचा ठरलेला असतो: जग किती मंद आहे, त्या मंदपणाचे मूळ आजवर कोणाच्याच कसे लक्षात आले नाही, आमच्या प्रणालीचे नाव काय, आणि मग आलेख. त्यात एक करडी, मरगळलेली पट्टी जुन्या प्रणालीची असते आणि शेजारी एक भडक रंगाची, सरासरी तिप्पट वेगवान ठरणारी पट्टी वक्त्याची. कोणती पट्टी उंच असलेली चांगली, हे दर स्लाइडला बदलते. एका आलेखात जास्त तेवढे चांगले, पुढच्या आलेखात कमी तेवढे चांगले, त्यामुळे प्रेक्षकाला नेमके कोणत्या दिशेने प्रभावित व्हायचे हे कोपऱ्यातला बारीक बाण शोधून ठरवावे लागते, आणि बाण सापडेपर्यंत स्लाइड गेलेली असते. उभा अक्ष शून्यापासून सुरू होईलच याची शाश्वती नसते. तो कधी ऐंशीपासून सुरू होतो आणि पाच टक्क्यांचा फरक डोंगराएवढा दिसतो. कधी तो लॉग स्केलवर असतो, म्हणजे सारखे अंतर सारख्या पटींचे, आणि शंभरपटींचा फरक पायरीएवढा. यांतले कोणते कधी वापरायचे, हे मात्र प्रत्येक संशोधकाला कोणी न शिकवता येते.

खरी गंमत त्या करड्या पट्टीची आहे. तिला बेसलाइन म्हणतात. फोटोत आपण उंच दिसावे म्हणून शेजारी बुटका मित्र उभा करावा, तशी ती निवडलेली असते. अडचण एवढीच की हा मित्र, म्हणजे त्या जुन्या प्रणालीचा निर्माता, पुष्कळदा त्याच सभागृहात, माइकपासून चार पावलांवर बसलेला असतो. व्याख्यान संपते, टाळ्या पडतात, सत्राध्यक्ष घड्याळाकडे पाहून एकच प्रश्न घेता येईल असे सांगतात, आणि तो गृहस्थ शांतपणे उठून माइकची उंची आपल्या हनुवटीला जुळवून घेतो.

“फार छान व्याख्यान,” तो म्हणतो. (या क्षेत्रात हल्ल्याची सुरुवात नेहमी अशीच होते.) “आमची प्रणाली तुम्ही कोणत्या सेटिंगवर चालवलीत?”

“डीफॉल्टवर. जशी मिळाली तशीच.”

“डीफॉल्टमध्ये दोष शोधण्यासाठीचे डीबगिंग चालू असते. प्रत्येक पायरीची नोंद डिस्कवर लिहिली जाते. ते बंद कसे करायचे, हे आम्ही माहितीपुस्तिकेच्या पहिल्याच पानावर दिले आहे.”

वक्ता पाण्याचा घोट घेतो. हा घोट परिषदेतला सर्वांत लांब क्षण असतो. त्या अवधीत एखादा सर्व्हर बंद पडून पुन्हा उभा राहू शकेल. मग तो म्हणतो, “यावर आपण बाहेर बोलू.” एरवी हे वाक्य ऐकून माणसे बाह्या सरसावतात. इथे मात्र ते सौजन्याचे मानतात, दोघे खरोखरच बाहेर जातात, चहाचे कप हातात घेऊन अर्धा तास बोलतात आणि बहुधा पुढच्या वर्षी दोघांचा मिळून एक निबंध येतो, ज्यात तिसऱ्याच कोणाची तरी पट्टी करडी असते.

या संशोधकांना हे कळत नाही असे कोणी समजू नये. स्वतःचे वाभाडे स्वतःच काढण्याची या मंडळींची परंपराही जोरदार आहे. 2009 साली एस्प्लॉस या याच क्षेत्रातल्या परिषदेत सादर झालेल्या एका निबंधाने दाखवून दिले की युनिक्समधल्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सचा (प्रोग्रॅमला सुरू होताना पुरवल्या जाणाऱ्या किरकोळ नोंदींचा) एकूण आकार बदलला, एवढ्यानेही प्रोग्रॅमचा मोजलेला वेग बदलू शकतो, आणि तो इतका की एखादी सुधारणा उपयोगाची की निरुपयोगी हा निष्कर्षच उलटावा. त्या व्हेरिएबल्समध्ये वापरणाऱ्याचे नावही असते. म्हणजे आडनाव लांब असलेल्या संशोधकाने आपल्या अपयशाचे खापर पूर्वजांवर फोडले, तर त्याला आता शास्त्राधार आहे. 2015 साली हॉटओएस या ऑपरेटिंग सिस्टीमवरच्या कार्यशाळेत फ्रँक मॅक्शेरी, मायकेल आयसर्ड आणि डेरेक मरे यांनी तर कहरच केला. जाळ्याच्या रूपातल्या (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा अशा) माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या, प्रोसेसरच्या शंभराहून अधिक गाभ्यांवर (कोअर) पसरलेल्या नामांकित प्रणालींचे प्रसिद्ध झालेले आकडे त्यांनी घेतले, तेच काम एका लॅपटॉपवर एकाच थ्रेडमध्ये, म्हणजे कामाची वाटणी न करता, करून पाहिले, आणि कित्येक ठिकाणी लॅपटॉप जिंकला. तो निबंध सर्वांना मनापासून आवडला. जो तो तो दुसऱ्याला वाचायला सांगतो.

अलीकडे निबंधासोबत प्रोग्रॅमही तपासून घेण्याची पद्धत आली आहे. ती चांगलीच आहे. तपासणारे बहुधा विद्यार्थी असतात, आणि त्यांचा निम्मा वेळ लेखकाच्या यंत्रावर सुखाने नांदणारी एखादी लायब्ररी (तयार प्रोग्रॅमचा संच) पृथ्वीवर आणखी कुठे मिळते का हे शोधण्यात जातो. निकाल पुन्हा मिळाले, तर निबंधावर बिल्ला लागतो. मी बिल्लेवाले निबंध जरा जास्त आदराने न वाचता बाजूला ठेवतो.

परिषदेचे शेवटचे सत्र संपता संपता पुढच्या वर्षीचे निबंध पाठवण्याच्या मुदतीची घोषणा होते आणि मघापर्यंत डुलक्या घेणारे सभागृह खडबडून जागे होते. ही मुदत जगात कुठेही ती तारीख उरलेली असेपर्यंत चालते, म्हणजे ग्रीनिचच्या बारा तास मागे असलेल्या पट्ट्यातल्या मध्यरात्रीपर्यंत. त्या पट्ट्यात प्रशांत महासागरातली बेकर आणि हाउलँड ही दोन बेटे येतात आणि दोन्हींवर समुद्रपक्ष्यांखेरीज कोणाचीच वस्ती नाही. निबंध मध्यरात्री पाठवून लगेच झोपी जाण्याचे सुख त्यामुळे फक्त त्या पक्ष्यांच्या वाट्याला येऊ शकते. ग्रीनिचजवळच्या संशोधकाला रात्रभर जागल्यावर वर दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंतची मुभा मिळते, आणि ती तो झोपेसाठी वापरत नाही; आपली भडक पट्टी अजून थोडी वर जाते का, हे पाहण्यासाठी तो सगळे प्रयोग पुन्हा एकदा चालवायला लावतो, आणि ते त्या तिप्पट वेगवान प्रणालीवरसुद्धा मुदतीआधी संपत नाहीत.