शेजारच्या सीटवर कोण बसायचं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

ताई, तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री वाचली आणि चिडलो. रविवारी सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली, तेव्हा जरा कमी चिडलो. आज बुधवार आहे, आता उत्तर देता येईल.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७३ ते १९८२ मी बर्मिंगहॅमला लागून असलेल्या स्मेदिकमध्ये एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होतो. कारखान्याचा मासेमारीचा क्लब होता आणि हंगामात रविवारी पहाटे सहाला त्याची बस सुटायची. कधी सेव्हर्न नदीवर, कधी ट्रेंट नदीवर. त्या सहलींच्या आठवणी मी लिहिल्या. त्यावर ताईंचे तीन आक्षेप. एक, मासा गळाला लावायचा, तोलायचा आणि परत पाण्यात सोडायचा, याला खेळ कसं म्हणायचं? दोन, त्यांचे वडील १९६९ साली वेस्ट ब्रॉमिचच्या फाउंड्रीत होते, त्यांना कामगारांच्या एका क्लबच्या दारातून परत पाठवलं होतं. मग तुमच्या बसमधले गोरे सगळेच इतके गोड कसे? "तुमच्या शेजारी कोण बसायचं ते लेखात कुठेच नाही," हे त्यांचं वाक्य. तीन, या सहली पंतप्रधान थॅचरबाईंनी नाही, मोटारींनी बंद पाडल्या.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण ते सोपं आहे. तुमचं अर्धं बरोबर आहे. बस ५३ सीटची. भाडं ठरलेलं, मग माणसं पन्नास असोत की वीस. आधी आमच्या फोरमननं कॉर्टिना मोटार घेतली आणि तिघांना बरोबर नेऊ लागला. म्हणजे बसमधून चार डोकी गेली, उरलेल्यांचं तिकीट वाढलं, म्हणून आणखी दोघं गळाले. हे १९८० च्या आधीचं. मग ८०-८१ मध्ये कारखान्यात नोकरकपात आली आणि बस भरायला माणसंच उरली नाहीत. माझ्या शेवटच्या हंगामात आम्ही एकोणीस जण होतो. "थॅचरबाईंनी आमची बस थांबवली" हे वाक्य मी टाळी घ्यायला लिहिलं होतं. काढून टाकतो.

आता मासा. हा प्रश्न तुमच्या आधी माझ्या आईनं विचारला होता, मालवणहून, आंतरदेशीय नाही, निळ्या एअरोग्रामवर: "सोडून द्यायचे तर धरता कशाला?" आमच्याकडे गरवायला (गळ टाकायला) जायचं ते संध्याकाळच्या कालवणासाठी. इथे नदीतला रोच नाहीतर ब्रीम कोणी खात नाही, काटेच काटे आणि चवीला चिखल. सकाळी पिशवीतून नंबर काढायचा, नंबराच्या खुंटीवर जाऊन बसायचं, शिट्टी झाली की गळ पाण्यात. धरलेले मासे लांब जाळीच्या पिशवीत, ती नदीतच सोडलेली. दुपारी पुन्हा शिट्टी, मग तराजू, पौंड आणि औंस, आणि मासे परत. आईला मी काय उत्तर लिहिलं ते आठवत नाही. बहुधा हवामान लिहिलं असेल.

क्रूरता नव्हती असं मी म्हणणार नाही. तेव्हाच्या जाळ्या गाठींच्या असायच्या, खवले खरवडले जायचे. गाठीच्या जाळ्यांवर बंदी पुढे आली. दोरीला शिशाचे छर्रे लावायचो, ते दातांनी दाबून बसवायचो (सगळेच, मीही). काठावर सांडलेले छर्रे हंस खडे समजून गिळायचे आणि विषानं मरायचे. १९८७ पासून ते छर्रे विकायला बंदी आली. आणि आमिष म्हणून ज्या अळ्या पाइंटाच्या मापानं विकत घ्यायचो, त्यांना तांबूस रंग यावा म्हणून क्रायसोइडिन नावाचा रंग लावलेला असायचा. सोमवारी टूलरूममध्ये कोण नदीवर गेलं होतं ते बोटांवरून कळायचं. ऐंशीच्या दशकात त्या रंगाचा मूत्राशयाच्या कॅन्सरशी संबंध असल्याचा संशय आला आणि तांबूस अळ्या दुकानांतून गेल्या. तोपर्यंत आम्ही त्याच हातांनी सँडविच खात होतो.

आणखी एक गोष्ट लेखात नव्हती, तीही सांगतो. हिवाळ्यात आम्ही ट्रेंटवर जायचो, कारण तिथल्या वीजकेंद्रांचं कोमट पाणी नदीत यायचं आणि थंडीतही मासे खायचे. आणि त्याच ट्रेंटला टेम नदी मिळते, जी आमच्याच गावांतून, आमच्याच कारखान्यांचं पाणी पोटात घेऊन जाते. टेममध्ये मासा औषधालाही नव्हता. पुढे १९८० मध्ये ली मार्स्टनला तिचं पाणी निवळायला तळी बांधली. म्हणजे आठवडाभर नदीत घाण सोडायची आणि रविवारी बस करून त्याच पाण्याच्या खालच्या अंगाला गळ टाकायला जायचं. तेव्हा याचं कोणालाच काही वाटलं नाही.

पण एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची आहे, पटवायला नाही. सेव्हर्नमध्ये बार्बेल नावाचा मासा आहे. तो तिथला नाही, १९५६ साली केनेट नदीतून ५०९ बार्बेल आणून सोडले, त्यांची ही वस्ती. तोंडाला चार मिशा, अंग पितळेसारखं, आपल्या महसीरच्या भावकीतला. बेवडलीच्या वरच्या बाजूला मला एक लागला, साडेपाच पौंडांचा. बार्बेल दमेपर्यंत झगडतो. तो दमलेला तसाच सोडला तर उलटा होऊन वाहत जातो आणि मरतो. म्हणून दोन्ही हात पाण्यात घालून त्याला धरून ठेवायचं, तोंड प्रवाहाकडे. मी गुडघाभर पाण्यात वाकून उभा. पाणी इतकं गार की मनगटाखालचं काही कळेना. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कल्ले उघडमीट करत होते, आधी रेंगाळत, मग नेमानं. मग त्यानं शेपटी एकदा हलवली, थांबला, आणि दुसऱ्या झटक्याला माझ्या हातात काहीच नव्हतं. महाडजवळ वाळणकोंडीला देवाचे मासे आहेत, ते कोणी धरत नाही, लोक त्यांना कुरमुरे घालतात. लहानपणी मी तिथे हात पाण्यात घालून बसायचो, की एखादा हाताला घासून जावा. तेच हे, असं मी म्हणणार नाही. वाळणकोंडीच्या माशाला मी गळ लावला नव्हता. तुमचा प्रश्न आहे तिथेच आहे, ताई.

आता बसची सीट.

पहिल्या हंगामात माझ्या शेजारी माझी टोपली बसायची. वेताची, झाकणाची, जिच्यावर बसून दिवसभर गळ धरायचा ती. टोपल्यांची जागा डिकीत असायची. माझी सीटवर चालवून घेतात, याचा मला तेव्हा मान वाटला होता. सीट कोणाला नको होती, हे मला कळत नव्हतं असं नाही. क्लबमध्ये मला घेतलं ते खजिनदारानं, आणि त्यानं कारण लपवलं नाही: भाडं भरायला डोकी कमी पडत होती. मला ते 'गांधी' म्हणायचे. मासे धरणारा गांधी! सगळे हसायचे, मीही हसायचो.

दुसऱ्या हंगामापासून शेजारी एक म्हातारा बसू लागला. जन्मभर फोर्जमध्ये घणाखाली काम केलेला, जवळजवळ बहिरा. तो माझ्याशेजारी बसला कारण मी बोलत नव्हतो. बस! यात माणुसकीची गोष्ट शोधू नका, मी लेखात शोधली होती आणि तुम्ही ती बरोबर पकडलीत. गळाला वजन लावून खोली कशी मोजायची, फ्लोट (दोरीवरचा तरंगता बोंडा) कुठे बांधायचा, हे त्यानं मला शिकवलं, बहुतेक खुणांनी. आणि बहिरी माणसं मोठ्यानं बोलतात. पुढच्या सीटवरच्याला तो एकदा म्हणाला, "हा ठीक आहे, याच्या बाकीच्या लोकांचं मला विचारू नकोस." अख्ख्या बसनं ऐकलं. पुढच्या रविवारी तो पुन्हा माझ्याशेजारीच बसला आणि मीही सरकून जागा केली.

तुमच्या वडिलांबद्दल. १९६८ चा वंशभेदाविरुद्धचा कायदा झाला होता, पण सभासदांच्या खासगी क्लबांना तो लागू होत नव्हता. म्हणजे त्यांना दारातून परत पाठवणाऱ्यानं कायदासुद्धा मोडला नव्हता. १९७६ च्या कायद्यानं पंचवीस आणि त्यावर सभासद असलेले क्लब त्यात आले. आमची बस परतताना थांबायची तीही कधी पबवर, कधी अशाच कामगारांच्या क्लबवर. रविवारी पब दुपारी दोनला बंद व्हायचे ते संध्याकाळी सातला उघडायचे. आमचा ड्रायव्हर असा बेतानं गाडी हाकायचा की सात वाजता आम्ही बरोबर दारात. पबवर मी उतरायचो. क्लबवर दोनदा नाही उतरलो. पहिल्यांदा दारावरच्या माणसानं आमच्या सेक्रेटरीला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं, सेक्रेटरी माझ्याकडे न बघता आत गेला. दुसऱ्यांदा कोणी काही सांगायची वेळच मी येऊ दिली नाही. ड्रायव्हर त्याचं वर्तमानपत्र वाचत होता, त्यानं मधलं पान काढून मला दिलं. लेखात मी लिहिलंय की मला बिअरची फारशी आवड नव्हती. होती.

दुरुस्त्या मूळ लेखात आज रात्री करतो.

राहिला लेखासोबतचा फोटो. जुलै १९७६, तो भयंकर कोरडा उन्हाळा, सेव्हर्न इतकी आटलेली की मागे वाळूचं बेट दिसतंय. तुम्ही लिहिलंत, "सगळे खांद्याला खांदा लावून आणि तुम्ही एका टोकाला, हातभर अंतर सोडून." माझं उत्तर तयार होतं. माझी खुंटी सगळ्यात लांब होती, माझं वजन शेवटी झालं, मी धावत आलो आणि जिथे जागा मिळाली तिथे उभा राहिलो. घरी आजवर हेच सांगत आलो आहे, मुलांना, नातवंडांना.

सोमवारी नातीनं तो फोटो स्क्रीनवर मोठा करून दिला. मधल्या रांगेतल्या तिघांच्या पायात अजून गुडघ्यापर्यंतचे गमबूट आहेत, ओले. एकाच्या हातात जाळी आहे. माझी टोपली पट्टा आवळून पायाशी ठेवलेली आहे आणि माझ्या पायात घरी जायचे बूट आहेत, लेस बांधलेले.